शनिवारचा शुभंकर गट: कूलरचा आवाज धरूनसुद्धा चार तारे

शुभंकर म्हणजे मानसिक आजार असलेल्याची काळजी घेणारं घरचं माणूस, आणि हा अशांचा गट. त्याचं नाव इथे मिळणार नाही, ज्या शाळेत तो भरतो तिचंही नाही. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या सख्ख्या नातेवाइकांनाही ते शनिवारी दुपारी कुठे जातात हे माहीत नाही, आणि ते तसंच राहावं असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. पण तिथपर्यंत कसं पोचायचं, तिथे काय मिळतं, काय मिळत नाही आणि त्याआधी माझे पैसे कुठेकुठे गेले, हे लिहायला कोणाची हरकत नाही. आपल्या नागपुरात कुठल्या सावजीकडचा रस्सा जास्त झणझणीत यावर पानभर लिहिणारे आहेत. घरात मानसिक आजार असेल तर घरच्यांनी कुठे जाऊन बसायचं, यावर मला दोन ओळी सापडल्या नव्हत्या.

मी महालातल्या एका अनुदानित शाळेत क्लार्क आहे. घरी आई, मी आणि धाकटा भाऊ. भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी तेजीत तर कधी पार उतारात; निदान जुनं आहे. बरा असतो तेव्हा इलेक्ट्रिकची कामं करतो, हात चांगला आहे, गिऱ्हाईक नाव काढतं. तेजी चढली की झोप उडते, रात्री दोनला शाळेतल्या मित्रांना फोन सुरू होतात, वर्धा रोडवर ढाबा टाकायचा बेत ठरतो आणि त्यासाठी सेकंडहँड गाड्यांना टोकन देऊन येतो. ते पैसे वापस मागायला जाणारी मी. पुढे उतार लागला की भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, आणि कामाचे फोन मीच घेते, "भाऊ गावाला गेलाय" म्हणून. त्याच्यासाठी डॉक्टर होते, गोळ्या होत्या. आई आणि माझ्यासाठी शेजारच्या काकूंचा सल्ला होता: "त्याचं लग्न लावून द्या ना बाई, ठीक होऊन जाते."

गूगलवर नागपूर आणि सपोर्ट ग्रुप असं टाकलं की व्यसनमुक्ती केंद्रं येतात, मोठी हॉस्पिटलं येतात आणि मुंबई-बेंगळुरूचे ऑनलाइन काउन्सेलर येतात. व्यसनाच्या बाबतीत सोय बरी आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका आपल्या शहरात होतात, फी नसते, आडनाव कोणी विचारत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी चळवळ १९५१ पासून जगभर चालू आहे. घरातला प्रश्न दारूचा असेल तर सरळ त्यांना गाठा, माझं पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

पहिली खरी मदत फोनवर मिळाली. टेलिमानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू केलेली सेवा. दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. भाऊ गच्चीवर फेऱ्या मारत होता आणि आई जिन्यात बसून होती, तेव्हा मी स्वयंपाकघरातून लावला. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, आत्ता घरात कोणाला धोका आहे का. मग झोप किती, गोळ्या चालू की बंद, शेवटचे डॉक्टर कोण. उपदेश शून्य. त्याच्याशी वाद घालू नका, टीव्ही आणि मोठे लाइट बंद करा, घरातली गर्दी कमी करा, सकाळी डॉक्टरकडे न्या, आणि मारहाणीवर आला किंवा जिवाचं काही करायला निघाला तर सकाळची वाट पाहू नका. एवढंच. त्या रात्रीसाठी ते पुरेसं होतं. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. पण फोनवरचा आवाज दर वेळी वेगळा असणार, तुमची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागणार; अशा सेवेचं काम तेवढंच असतं, म्हणून त्याचे मी तारे कापत नाही.

मग स्वतःसाठी म्हणून धरमपेठेकडच्या एका काउन्सेलर ताईंकडे गेले. पाऊण तासाचे बाराशे रुपये. चांगल्या होत्या, मनापासून ऐकायच्या, आणि मला राग येतो हे मी पहिल्यांदा तिथे मोठ्याने बोलले. पण माझ्या पगारात हे महिन्याला एकदाच बसतं, आणि दोन भेटींच्या मध्ये घर तर रोजच असतं. शिवाय त्यांच्या घरात कोणी असं नव्हतं. हा काही दोष नाही, तरी मला ते जाणवायचं.

पैसे पाण्यात गेले ते तिसरीकडे. एक "हीलिंग सर्कल". शनिवार-रविवार मिळून साडेतीन हजार, गाद्या, अगरबत्ती, डोळे मिटून श्वास. श्वासापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या दिवशी चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, भावाच्या गोळ्या म्हणजे साठलेलं विष, हळूहळू अर्ध्यावर आणा. मी डिग्री विचारली तर सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट दाखवलं, लॅमिनेट केलेलं. तेव्हापासून माझा नियम झाला आहे. मनोविकारतज्ज्ञ असेल तर एमबीबीएसच्या पुढे मनोविकारातली एमडी किंवा डीपीएम ही पदविका पाहायची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारायचा. विचारल्यावर ज्याला राग येतो तिथून चप्पल घालून निघायचं. आणि डॉक्टरला न विचारता गोळ्या कमी करा म्हणणारा गट कितीही गोड बोलो, तो आपला नाही.

आता मुद्द्याचं. हा शनिवारचा गट मला इंटरनेटवर मिळालाच नाही, एका सरकारी दवाखान्यात मिळाला. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी कॉलेजांच्या दवाखान्यांत मनोविकार विभाग आहे, मिहानकडे एम्स आहे, आणि मानकापूरच्या बाजूला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८६४ पासूनचं. राज्यात अशी चारच आहेत: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं. ऑटोवाल्याला पूर्ण नाव सांगितलं की तो मान वळवून विचारतो, "पागलखाना चौकात ना?" माझ्या आईने या एका प्रश्नापायी तिकडे पाय ठेवायला कितीतरी वर्षं नकार दिला. ते सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत, ही माहिती शेजारच्या काकूंना कोणीतरी द्यायला हवी.

सरकारी ओपीडीत डॉक्टरांपुढे रांग असते, तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात, ती रुग्णाचीच. घरच्यांनी आपलं रडगाणं तिथे काढू नये. त्यासाठी दुसरं टेबल असतं: समाजसेवा अधीक्षक. हे पद बहुतेक मोठ्या सरकारी दवाखान्यांत असतं आणि तिकडे फार कमी लोक वळतात. मी केसपेपर घेऊन गेले आणि विचारलं, घरच्यांसाठी काही आहे का. त्यांनी एका निवृत्त बाईंचा नंबर दिला. त्या बाई पूर्वी मनोविकार विभागात समाजसेविका होत्या. फोनवर त्यांनी मला अर्धा तास प्रश्न विचारले, नंतर पत्ता सांगितला. उघड पत्ता नसण्याचा मला आधी राग आला होता. नंतर समजलं, त्या आधीच बघून घेतात की समोरच्याला गट हवा आहे की आत्ता या क्षणी डॉक्टर हवा आहे.

जयप्रकाश नगर मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येईल अशा एका शाळेतला वर्ग. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, चार ते सहा. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, फळ्यावर आदल्या तासाचे अपूर्णांक तसेच. फी नाही, चहासाठी डबा ठेवलेला असतो, वीस रुपये टाका नाहीतर टाकू नका. दहा-बारा माणसं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, मुलाला स्किझोफ्रेनिया. काटोलहून एसटीने येणारी एक मावशी, मुलगी सासरहून परत पाठवलेली. जरीपटक्याचे एक दुकानदार, ते हिंदीत सुरू करतात आणि मराठीत संपवतात, कोणाला काही वाटत नाही. एक अगदी तरुण पोरगा, बायकोला बाळंतपणानंतर नैराश्य आलेलं. तो पहिल्या बैठकीत फक्त चहा वाटत होता. तिथे आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि आपल्यासारख्याला शुभंकर. मला सुरुवातीला हे शब्द जरा भजनी मंडळासारखे वाटले, आता तोंडात बसले आहेत.

नियम थोडे आणि कडक. इथलं बोलणं इथेच. बोललंच पाहिजे असं नाही. एकाने बोलताना दुसऱ्याने "तुम्ही असं करायला पाहिजे होतं" म्हणायचं नाही. विचारलं तरच, आणि तेही "आमच्याकडे असं झालं" एवढंच सांगायचं. डॉक्टरांची नावं घेऊन निंदा नाही, जाहिरात नाही. गोळीचा डोस कोणी कोणाला सांगायचा नाही. ही ग्रुप थेरपी नाही, हे बाई पहिल्याच दिवशी स्पष्ट करतात. ग्रुप थेरपीत प्रशिक्षित थेरपिस्ट असतो, सभासद ठरलेले असतात, ठरावीक सत्रं असतात. हा स्वमदत गट आहे, बाई फक्त घड्याळ आणि नियम सांभाळतात. ज्यांना थेरपी हवी असते त्यांना त्या कुठे जायचं ते सांगतात आणि गटातही ठेवतात.

मग तिथे मिळतं काय? सगळ्यात आधी उपयोगाच्या गोष्टी, ज्या मला दुसरीकडे इतक्या तपशिलात कळल्या नव्हत्या. भाऊ लिथियमवर आहे, म्हणजे बायपोलरच्या एका गोळीवर. त्याची रक्ततपासणी करावी लागते हे माहीत होतं. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, नाहीतर आकडा खोटा येतो, हेही माहीत होतं. पण एप्रिलच्या बैठकीत रेल्वेवाल्या काकांच्या शेजारी बसणाऱ्या एका वहिनींनी विचारलं, "तुमचा भाऊ उन्हात काम करतो का?" करतो की, गच्चीवरच्या वायरिंगची कामं उन्हाळ्यातच निघतात. त्या म्हणाल्या, त्यांच्या नवऱ्याला मे महिन्यात हात थरथरणं, जुलाब, बोलणं बोबडं असं झालं होतं, आणि घरच्यांनी ऊन लागलं म्हणून कैरीचं पन्हं पाजत दोन दिवस काढले. ते लिथियम चढलेलं होतं. घाम जाऊन शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवते आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. हे औषध असं आहे की उपयोगाचं प्रमाण आणि त्रासाचं प्रमाण यांच्यात अंतर फार नाही. बहुतेकांचा आकडा ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. वर अंगदुखीसाठी मेडिकल स्टोअरमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तर आणखी वाढतं. भाऊ तर पाठ दुखली की हेच घ्यायचा.

मी नियम पाळून त्यांच्याकडून डोस विचारला नाही, दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे. उन्हाळ्यात एक जास्तीची तपासणी करू, दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, मीठ एकदम तोडायचं नाही, आणि जुलाब-उलटी सुरू झाली तर घरी न थांबता दाखवायचं. आता भावाच्या टूल बॅगेत दोन लिटरची बाटली असते आणि दुपारी बारा ते चार तो काम घेत नाही. गिऱ्हाइकांना सांगतो, "४५ डिग्रीत मी तारेला हात लावत नाही बावा." यात कोणाला काही वावगं वाटत नाही, नागपूरच आहे.

दुसरी गोष्ट आईची. आई रात्री भावाला "तोंड उघड बघू" म्हणून जिभेखाली गोळी शोधायची, आणि दिवसभर त्याच्या हसण्याकडे बघत बसायची: जास्त हसला का, चढायला लागली का. मी टोमणे मारायचे. बाईंनी एकदा सांगितलं की ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटापासून संशोधकांनी दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांचा माग ठेवला होता, आणि ज्या घरांत सारखी टीका, चिडचिड किंवा गुदमरवणारी काळजी होती तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पुढे बायपोलरमध्येही तसंच आढळलं. हे ऐकून मला वाटलं, म्हणजे शेवटी खापर आमच्याच डोक्यावर. मी तसं बोललेही. त्यावर काटोलच्या मावशी म्हणाल्या, "पोरी, आजार आपण नाही आणला. पण घरातला आवाज तं आपलाच आहे ना, तो कमी करता येते." त्यांनी घरी काय केलं ते सांगितलं: गोळीची वेळ मुलीच्या मोबाइलवर अलार्म लावून तिच्याकडेच दिली, आठवड्याची डबी रविवारी दोघींनी मिळून भरायची, मधल्या दिवसांत डबीला हात लावायचा नाही. आम्ही तेच केलं. आईला पहिले काही दिवस झोप नव्हती. भाऊ मात्र जेवायला वापस आमच्यासोबत बसायला लागला.

मग बरा असताना भावाने आणि मी मिळून इशाऱ्यांची यादी लिहिली, हाही गटातला रिवाज. झोप पाच तासांच्या खाली सलग दोन रात्री. जुन्या मित्रांना अपरात्री फोन. "ढाबा" हा शब्द. शेवटचा त्यानेच घातला, हसत हसत. यादीखाली त्याने लिहिलंय की यातली दोन दिसली तर ताईने डॉक्टरांना फोन करावा, मी चिडलो तरी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायची सोय आहे, म्हणजे गरज पडली तर उपचारांच्या निर्णयात मदत करणारं आपलं माणूस आधीच ठरवून ठेवायचं. साध्या कागदावर लिहून सही केली की होतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. हेही मला गटात कळलं. आणि अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मानसिक आजार येतो, त्याचं प्रमाणपत्र निघतं, हे जरीपटक्याच्या काकांनी सांगितलं. त्यांनी मुलीचं काढलं होतं, कुठल्या खिडकीला कोणता कागद लागतो ते पाठ होतं त्यांना. भावाला अजून ते नको आहे. त्याची मर्जी.

तक्रारी आहेत. पहिली कूलर. वर्गातला डब्बा कूलर एप्रिलपासून चालू असतो. चालू ठेवला की हळू बोलणाऱ्याचं ऐकू येत नाही आणि बंद केला की बसवत नाही. तिथे सगळे हळूच बोलतात, त्यामुळे अर्ध्या गोष्टी "काय म्हणालात?" करत निघतात, आणि रडणाऱ्या माणसाला दोनदा सांगायला लावणं बरं दिसत नाही. दुसरी, एक-दोन सभासद दर वेळी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगतात. बाई वेळ संपली म्हणून घंटी वाजवतात, तरी पंधरा मिनिटं जातात. तिसरी, शनिवारी चारची वेळ दुकानदारांना आणि रोजंदारीवाल्यांना जमत नाही, म्हणून पुरुष कमी येतात. आणि जागा. पारडी, कळमना, वाठोडा या बाजूच्या माणसाला सीताबर्डीला मेट्रो बदलून इकडे यायचं म्हणजे दुपार जाते. पूर्व नागपुरात असं काही हवंच आहे. बाईंना मी बोलले, त्या म्हणाल्या, "तिकडे कोणी खोली द्या, मी येते." खोली देणारा मिळत नाही. कारण विचारलं की घरमालक म्हणतो, "पेशंट लोक येतील का?"

चार तारे देते. एक कूलरचा आणि वेळेचा मिळून कापला.

जाणार असाल तर एकटे जा, आजारी माणसाला घेऊन जाऊ नका. तो असला की तुम्ही खरं बोलणार नाही. तुमची स्वतःचीच झोप-भूक गेली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर पहिल्या शनिवारची वाट पाहू नका, आज १४४१६ लावा किंवा मेडिकल गाठा. भावाने मला परवा विचारलं, "तू जाते तर माझ्यासाठी काऊन नाही असा गट?" प्रश्न बरोबर आहे. शुभार्थींचा स्वतःचा गट, जिथे बायपोलरवाले आपसात बोलतील, नागपुरात मला अजून सापडला नाही. समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलावर माझा नंबर देऊन ठेवला आहे.